चार महिने नियमित व्यायाम करूनही ताकद मुंगीच्या पावलांनी का वाढते आहे?

गच्चीवरचा
१२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

माझे वय ३४, उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो आहे. नोकरी बैठी असून शाळेतल्या कवायतीनंतर व्यायाम असा मी कधी केला नव्हता. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या गच्चीवर केवळ शरीराच्या वजनावरचा व्यायाम सुरू केला. पावसात तो जिन्याच्या शेवटच्या चौकात हलवावा लागला, पण खंड पडू दिला नाही. आठवड्यातून सहा दिवस, रोज पस्तीस-चाळीस मिनिटे पुशअप, बैठका, प्लँक (कोपरांवर अंग ताठ धरून राहणे) आणि टाकीजवळच्या आडव्या लोखंडी पाइपला लटकून पुलअपचा, म्हणजे हनुवटी पाइपच्या वर नेण्याचा, प्रयत्न, असा क्रम आहे. प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, म्हणजे न थांबता काढलेल्या तीन फेऱ्या, करतो, प्रत्येक सेट हात थरथरेपर्यंत नेतो आणि दोन सेटांमध्ये अर्धा मिनिट थांबतो.

जूनमध्ये ६ पुशअप होत होते, आज ११ होतात. बैठका २० वरून ४० वर गेल्या. पुलअप तेव्हा शून्य होता आणि आजही शून्यच आहे. गेल्या सहा आठवड्यांत तर पुशअपचा आकडा तसूभरही हललेला नाही. माझ्याबरोबरच जिमला जाऊ लागलेला मित्र एवढ्याच काळात रिकाम्या दांड्यावरून, म्हणजे २० किलोवरून, ४५ किलोच्या बेंच प्रेसवर (बाकावर उताणे पडून दांडा छातीवरून वर ढकलणे) पोहोचला आहे. आहार शाकाहारी असून आठवड्यातून दोन-तीनदा अंडी खातो. झोप सहा तास होते.

आळस नाही, खाडे नाहीत, मग हा वेग नवशिक्यासाठी स्वाभाविक आहे की माझ्या पद्धतीतच काही खोट आहे? जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहावे, मला वाईट वाटणार नाही.

काठावरून
१२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

सहाचे अकरा होणे म्हणजे जवळजवळ दुप्पट होणे, त्यामुळे वेग फार कमी आहे असे मला वाटत नाही. तरीही एक विचारतो. हे अकरा पुशअप कुठपर्यंत खाली जातात? छाती जमिनीपासून किती अंतरावर राहते, हे कोणी बाजूने पाहिले आहे का?

मातीतला
१३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

मी कोल्हापूरकडचा, वय ६३. माझी उमेदीची सात-आठ वर्षे तालमीत गेली. आधी शब्दाचा गोंधळ दूर करतो, कारण पुढे कोणीतरी ‘जोर मारा’ असा सल्ला देईलच. पुशअप आणि जोर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जोरात कंबर वर असते, तिथून छाती मातीला घासेल अशी पुढे काढायची, मान वर न्यायची आणि पुन्हा कंबर मागे घ्यायची. त्यात खांदे, पाठ आणि मांड्यांच्या मागच्या शिरा यांना जी ओढ बसते ती पुशअपमध्ये बसत नाही, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

काठावरून यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. आमचे वस्ताद नव्या पोराच्या छातीखाली स्वतःची मूठ उभी धरून उकिडवे बसत. छाती मुठीला लागली की एक मोजला जाई. नाही लागली तर आकडा पुढे सरकतच नसे. पोरगा वर-खाली करत राही आणि वस्ताद ‘तीन... तीन... तीन...’ म्हणत राहत. पहिल्या दिवशी मला वीस जोर येतात अशी माझी समजूत होती. वस्तादांच्या मोजणीत ते पाच भरले. घरी गेलो तेव्हा खांद्यांपेक्षा अभिमानच जास्त दुखत होता.

दुसरे असे की तालमीतल्या हजार-हजार जोरांच्या गोष्टी ऐकून नवशिक्याने आकड्याच्या मागे लागू नये. त्या मेहनतीने दम वाढतो, अंग चिवट होते आणि कुस्तीला ते लागतेच. पण ज्याला अजून दहा धड निघत नाहीत, त्याचे काम आधी ते दहा धड काढण्याचे आहे.

गुडघा ते खांदा
१३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागालेखकांना प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे हे सर्वसाधारण स्वरूपाचे समजावे.

नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली वाढ प्रामुख्याने स्नायूंची नसते, ती मज्जासंस्थेची असते. जे स्नायू आहेत त्यांतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला आणि विरुद्ध बाजूचे स्नायू नको तेव्हा सैल सोडायला शरीर शिकते. ही शिकवणी लवकर होते, म्हणून सुरुवातीला आकडा भराभर चढतो. त्यापुढची वाढ स्नायू प्रत्यक्ष भरण्यावर अवलंबून असते आणि ते काम महिन्यांच्या हिशोबाने चालते. स्नायूंना हाडाशी जोडणारे स्नायूबंध तर त्याहूनही सावकाश मजबूत होतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनंतर वेग मंदावणे हे बिघाडाचे लक्षण नाही. मात्र सहा आठवडे आकडा एकाच जागी राहणे हे केवळ निसर्गावर ढकलता येणार नाही.

तुमच्या वर्णनात मला तीन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. एवढ्यात दम थोडाफार परत येतो, पण स्नायूंतली झटपट वापरायची ऊर्जा पुरती भरून निघत नाही, आणि दुसरा-तिसरा सेट थकव्याचा होतो. ताकद वाढवायची असेल तर दोन ते तीन मिनिटे सरळ बसून राहावे. बसून राहण्याची लाज वाटते, हे मला माझ्या रुग्णांकडून नेहमी ऐकायला मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे दररोज, त्याच स्नायूंना, थरथरेपर्यंत. प्रत्येक सेट अजून दोन पुशअप निघाले असते अशा जागी थांबवला तरी वाढ होते आणि दुसऱ्या दिवशी शरीर ताजे राहते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवते. तुम्ही एक दिवसाआड करा, तुमच्यासाठी तीन दिवस भरपूर आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जूनमध्ये जो पुशअप काढत होता, तोच ऑक्टोबरमध्येही काढता आहात. शरीराला जेवढे ओझे रोजचेच झाले, तेवढ्यासाठी ते आणखी ताकद कशाला कमावेल?

पुलअपच्या शून्याने खचू नका. नेहमीच्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत ४५ किलोच्या आसपास. पुलअपमध्ये मात्र जवळजवळ पूर्ण ७१ किलो ओढायचे असतात, तेही अशा स्नायूंनी ज्यांना बैठ्या नोकरीत कामच पडत नाही. म्हणून या दोन आकड्यांची आपसात तुलना करू नये.

अडीच किलो
१३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:५०

माझे मत थोडे कडवट वाटेल, पण मित्राची प्रगती जलद का दिसते याचे उत्तर माझ्या सदस्यनामातच आहे. जिममध्ये दांड्याच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची चकती लावली की भार बरोबर अडीच किलोंनी वाढतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढाच. शरीराच्या वजनावरच्या व्यायामात अशी चकती कुठे आहे? गुडघे टेकून पुशअप आणि पूर्ण पुशअप यांच्यात थेट दहा किलोंची उडी आहे, आणि पुलअपमध्ये तर शून्य किंवा सगळे. नवशिक्याने आधी सहा महिने लोखंड उचलावे आणि मग हौस म्हणून गच्चीवर जावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. फी वाचवण्याच्या नादात आपण वर्षे घालवतो.

पहाटवारा
१४ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

अडीच किलो यांचा मुद्दा खरा आहे, पण ‘चकती कुठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. ती आमच्या इमारतीच्या जिन्यात आहे.

मी ४१ व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा जमिनीवरचा एकही पुशअप निघत नव्हता आणि गुडघे टेकून केले की कंबर खाली पडे. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात टेकवून सुरुवात केली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत दोन सेट, असे माझे वेळापत्रक होते. ओट्यावर सलग बारा निघू लागले तेव्हा जिन्यात गेले. पाय खालच्या चौकात आणि हात पाचव्या पायरीवर ठेवले. तिथे आठ-आठचे तीन सेट स्वच्छ निघाले की हात एक पायरी खाली आणायचे, एवढाच नियम. कोणत्या दिवशी कोणती पायरी होती, हे दूधवाल्याच्या कॅलेंडरवर लिहीत असे. चौथ्या पायरीवर मी पाच आठवडे अडकले होते. शेजारच्या आजींना वाटले की मी रोज काहीतरी हरवलेले शोधते आहे. जमिनीवरचा पहिला पूर्ण पुशअप सातव्या महिन्यात निघाला.

मला त्यामागचे गणित येत नाही, पण पायरी बदलली की अंगाला ते लगेच कळते, एवढे खात्रीने सांगते.

गुडघा ते खांदा
१४ ऑक्टोबर, दुपारी १:१०

पहाटवारा, आपण केलेत ते पुस्तकात लिहिण्याजोगे आहे. गणित मी पुरवतो. हात ६० सेंटिमीटर उंचीवर असले तर भार शरीराच्या वजनाच्या सुमारे ४१ टक्के असतो, ३० सेंटिमीटरवर सुमारे ५५ टक्के आणि जमिनीवर ६४ टक्के. उलट पाय ६० सेंटिमीटर उंच ठेवून हात जमिनीवर घेतले तर तो ७४ टक्क्यांच्या आसपास जातो. धागालेखकांच्या ७१ किलोंना हे लावले तर ६० सेंटिमीटरला २९ किलो आणि जमिनीवर ४५ किलो होतात. जिन्याची पायरी साधारण १७ सेंटिमीटरची धरली, तर एक पायरी उतरणे म्हणजे सरासरी साडेचार किलो वाढवणे झाले. मध्ये एखादी वीट किंवा जाडजूड पुस्तक ठेवले की त्याचेही अर्धे करता येते. अडीच किलोंची चकती मिळाली की नाही?

अडीच किलो
१४ ऑक्टोबर, दुपारी १:४५

मिळाली. पुशअपपुरते शब्द मागे घेतो. पायांच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे कायम आहे. बैठका २० वरून ४० आणि मग ८० करण्याने काही काळानंतर दमच वाढत राहील. तिथे एका पायावर भार आणावा लागेल, नाहीतर पाठीवर तांदळाची पिशवी घ्यावी लागेल.

मातीतला
१४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

पाठीवर पिशवी कशाला, आमच्याकडे जोडीदाराला खांद्यावर बसवून बैठका मारत. पण ते गच्चीवर कोणी करू नये, कठडे कमी उंचीचे असतात.

वाटीभर वरण
१५ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

व्यायामाबद्दल बोलायचा माझा अधिकार नाही, पण आहार हा माझा विषय आहे. मूळ लेखात ‘आहार शाकाहारी’ आणि दोन-तीनदा अंडी एवढेच लिहिले आहे आणि चार महिन्यांत वजन बदलले की नाही याचा उल्लेख नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची प्रथिनांची शिफारस दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्यासाठी रोज ५९ ग्रॅम. स्नायू वाढवण्याचा व्यायाम करणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त लागते, आणि १.६ ग्रॅमपर्यंत त्याचा फायदा दिसतो. तेवढे एकदम जमणार नाही, पण १.२ ग्रॅम, म्हणजे ८५ ग्रॅमच्या आसपास, पोहोचायला हरकत नाही.

आपल्या नेहमीच्या ताटात ते किती येते ते मांडून पाहा. बशीभर पोह्यांत चार-पाच ग्रॅम, एका पोळीत सुमारे तीन, पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच. आपल्याकडे वरणाला प्रथिनांचा राजा मानतात, पण त्या वाटीत डाळ मूठभर आणि पाणीच जास्त असते. अंडे खाता तर दोन अंड्यांचे बारा ग्रॅम रोज घ्या. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५ ग्रॅम मिळतात. मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर घट्ट दही कोणाच्याही घरी असते. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

आणखी एक. सतत थकवा वाटत असेल तर हिमोग्लोबिन, ब१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. शाकाहारी आणि दिवसभर छताखाली बसणाऱ्या माणसांत ब१२ आणि ड कमी निघणे अगदी नेहमीचे आहे, आणि ते कमी असताना व्यायामाची पद्धत बदलत बसण्यात अर्थ नाही.

उगवतीकडे
१५ ऑक्टोबर, रात्री ९:००

एक दिवसाआड करण्याचा सल्ला मला पटला नाही. आमच्या घरी तीन पिढ्या सूर्यनमस्कार रोज घालतात. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो नित्यनेमाचा व्यायाम म्हणूनच. रोजची सवय एकदा मोडली की माणूस व्यायामच सोडतो.

गुडघा ते खांदा
१५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

आपले सूर्यनमस्कार आपण थरथरेपर्यंत घालत नाही, म्हणूनच ते रोज जमतात. रोज करण्याला माझा विरोध नाही, रोज पिळून काढण्याला आहे. धागालेखकांनी मधल्या दिवशी बारा सूर्यनमस्कार घालावेत, सवयही टिकेल आणि खांदेही मोकळे होतील.

गच्चीवरचा
१६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पत्नीला मोबाइल धरायला सांगून बाजूने चित्रण केले. पाहून मी गप्प झालो. अकरांपैकी पहिले चारच पुशअप पुरते खाली गेले होते. पाचव्यापासून छाती वीतभर वर राहते, पुढे कंबर लोंबते, आणि शेवटच्या दोनांत तर नुसती मान खाली-वर होते आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. जूनमध्ये मुलीने गंमत म्हणून काढलेली एक छोटी चित्रफीत तिच्या आईच्या मोबाइलमध्ये सापडली. त्या सहांपैकी एकही पुशअप मातीतला काकांच्या मुठीला लागला नसता. म्हणजे मी सहाचे अकरा केले असे समजत होतो, प्रत्यक्षात शून्याचे चार केले आहेत. हे वाढणे की घटणे, ते तुम्हीच सांगा. वजन जूनमध्ये ७१ होते, आज ७०.६ आहे, आणि प्रथिनांचा हिशोब मांडला तो ४८ ग्रॅमवर थांबला. रक्त उद्या देतो आहे.

आता तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी असे मनात आहे. पुलअपचे मात्र काय करावे ते अजून समजलेले नाही. पाइपला लटकतो, अंग ताणतो, आणि इंचभरही वर जात नाही.

मातीतला
१७ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

शून्याचे चार झाले, यात विचारण्यासारखे काय आहे? चार पेढे वाटा.

काठावरून
१७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

पुलअपबाबत मी नऊ महिने झगडलो आहे म्हणून लिहितो. खालून वर जाता येत नसेल तर वरून खाली यायला शिका. पाइपखाली भक्कम स्टूल ठेवून हनुवटी पाइपच्या वर येईल असे उभे राहा, पकडा, पाय सोडा, आणि पाच सेकंद मोजत खाली या. खाली आलात की पुन्हा स्टुलावर चढा. असे तीनचे तीन सेट, मध्ये पुरेशी विश्रांती. खाली येताना स्नायू वर जातानापेक्षा जास्त भार पेलू शकतात, म्हणून हे शून्यवाल्यालाही जमते. मात्र दुसऱ्या दिवशी दंड असे आखडतात की केस विंचरताना हात वर जात नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यात हात राखून करा. जोडीला कमरेएवढ्या उंचीचा आडवा दांडा मिळाला तर त्याखाली तिरके पडून छाती दांड्याकडे ओढा. आमच्या भागातल्या उद्यानात असे दांडे आहेत, तुमच्याकडेही पाहा.

आणि तो टाकीजवळचा पाइप पाण्याचा असेल तर कृपया त्याला लटकू नका. आमच्या सोसायटीत असाच एक सांधा निखळला होता आणि दोन दिवस तीन मजल्यांना पाणी नव्हते. तो मी होतो.

गच्चीवरचा
७ डिसेंबर, रात्री ९:१५

धागा वर आणतो आहे. साडेसात आठवडे झाले. एक दिवसाआड व्यायाम, अडीच मिनिटांची विश्रांती आणि छातीखाली मुलीची कंपासपेटी, असा क्रम ठेवला. पेटीला छाती लागली तरच मुलगी मोजते, आणि ती वस्तादांपेक्षा कडक आहे. तिसऱ्या पायरीवरून जमिनीवर यायला पाच आठवडे लागले. आज जमिनीवर पेटीला लागलेले ९ पुशअप निघाले. ब१२ बरेच कमी निघाले होते, डॉक्टरांनी त्यावर उपचार सुरू केले आहेत, त्यामुळे कशाचे श्रेय कशाला द्यावे ते मला सांगता येणार नाही. वजन ७१.८ झाले. बैठका आता एक पाय मागे खुर्चीवर ठेवून करतो आणि आठातच घाम फुटतो.

मधल्या दहा दिवसांत उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले होते. वरून खाली येण्याचे सेट मी उत्साहाने पाच केले होते, ते दोनवर आणल्यावर कमी झाले. पाइप सोडला. आता दाराच्या चौकटीत बसवायचा दांडा घेतला आहे. पुलअप अजून शून्यच आहे, पण परवा लटकलेल्या अवस्थेतून कपाळ दांड्यापर्यंत गेले. हनुवटी चार बोटे खाली राहिली.

काठावरून
७ डिसेंबर, रात्री ९:५०

त्या चार बोटांसाठी स्टुलावरून वर जाऊन हनुवटी दांड्याच्या वर ठेवून दहा सेकंद नुसते थांबा, खाली येण्याची घाई करू नका. माझे अडले होते ते तिथेच. कोपर पुन्हा कुरकुरले तर दोन आठवडे तळवे स्वतःकडे वळवण्याऐवजी बाहेरच्या बाजूला ठेवून पाहा. आणि चौकटीचे स्क्रू दर आठवड्याला तपासत जा.